चुलीत भाजलेली कडी

“गेली,” हरिचंद्र म्हणाला आणि प्रेसचा दाब उतरवू लागला.

आठवड्यात फुटलेली ही तिसरी कडी. बोरेट नावाच्या क्षाराची भुकटी संगजिऱ्याच्या मऊ दगडी कडीत भरायची, प्रेसखाली प्रचंड जोराने दाबायची, तापवायची, की आत अंधारात उजळणारा नवा खडा तयार होणार. पण त्यासाठी कडी टिकायला हवी होती.

अंबरनाथच्या त्या प्रयोगशाळेत हरिचंद्र वीस वर्षं फिटर होता. प्रेसला त्याने पोटच्या पोरासारखं जपलं होतं. तिच्यातून काही निघत नाही म्हणून शुक्रवारी ती भंगारात जाणार होती.

“मॅडम, भुकटी किती उरली?”

“एकदा पुरेल एवढीच,” प्रयोग चालवणाऱ्या वृंदा मॅडम म्हणाल्या.

शेवटची कडी तो बदलापूर गावातल्या घरी घेऊन गेला. पॉलिश पेपरने घासली, नेहमीप्रमाणे चोळून धुतली आणि चुलीच्या कडेला ठेवली. कडी चुरचुरली. तिच्यातून बारीक वाफ निघाली.

“आता काय दगड भाजून खायचा हाय?” भाकरी थापत त्याच्या बायकोने, तुळशीने विचारलं.

हरिचंद्रला हसू आलं नाही. धुताना दगड पाणी पीत होता, तापल्यावर त्याचीच वाफ कडी फोडत होती, आणि ते त्याला इतके दिवस कळलं नव्हतं. तिन्ही कड्या त्यानेच फोडल्या होत्या. त्याला फार लाज वाटली.

“भाकऱ्या झाल्या की राखेत पुरून ठेव ती,” तो म्हणाला. “सकाळपर्यंत हलवू नको.”

सकाळी त्याने मॅडमना सगळं सांगून टाकलं. “चूक माझी हाय. मीच धुवत होतो.”

मॅडम हसायला लागल्या. “दादा, तुमची स्वच्छता आपल्याला महागात पडली की.”

त्या दिवशी प्रेसच्या दाबाचा काटा चढत गेला. आधीच्या कड्या जिथे फुटल्या तिथूनही पुढे गेला, आणि कडी टिकली. संध्याकाळी मुगाच्या डाळीएवढा खडा निघाला. दिवे बंद करून मॅडमनी त्यावर अतिनील दिवा धरला, तर तो लालभडक उजळला. शिपाई रामभाऊ पेढे आणायला पळाला.

“कडी कशी सुकवली ते वहीत लिहायला हवं,” मॅडम म्हणाल्या.

“भाकऱ्या झाल्यावर, चुलीच्या राखेत. आणि चूल तुळशीची, ते पण लिहा.”

त्यांनी तसंच लिहिलं.

प्रेस भंगारात काढायचा वरिष्ठांचा निर्णय मात्र बदलला नाही. शुक्रवारी ट्रक आला. हमाल खोळंबले होते, तरी हरिचंद्रने प्रेस वरपासून खालपर्यंत पुसून काढली. कोरड्या फडक्याने.