दोनशे शहाऐंशी पायऱ्या

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. पूर्वी मी कपाटाचं दार होते. चोंगचिंग शहरात, दोन नद्या मिळतात तिथून जवळच, रान शुजन नावाच्या बाईच्या घरी ते कपाट होतं. टॉवेलचा कारखाना बंद पडला आणि तिची नोकरी गेली. नवरा आधीच वारला होता. घरात तीन खोल्या होत्या. दोन भाड्याने द्यायच्या असं तिने ठरवलं आणि कपाटाचं दार काढून ती तेंग मास्तरांकडे गेली.

मास्तर नदीवरच्या बोटींची नावं रंगवत. त्यांनी मला घासलं, पांढऱ्या रंगाचा हात दिला, मग लाल रंग कालवला.

"काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"राहण्याची सोय. गरम पाणी. मोठ्या दवाखान्यापासून पाच मिनिटं."

मास्तरांनी कुंचला थांबवला. "पाच? तुझ्या घरी यायचं तर मला तीनदा टेकावं लागतं."

"उतरताना पाचच लागतात," रानताई म्हणाली.

मास्तर हसले आणि त्यांनी तसंच लिहिलं. अक्षरं फार देखणी आली होती.

त्यानंतर अठरा वर्षं आम्ही दोघी दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलो. डोंगराळ खेड्यांतून बस येत. हातात एक्स-रेची मोठी पिशवी दिसली की रानताई मला छातीशी धरून पुढे व्हायची. दमलेली माणसं मला वाचत आणि तिच्या मागून चालू लागत. पुष्कळ जण जाताना सांगत, पाटी वाचली म्हणून बरं झालं. चादरी स्वच्छ असत. सकाळी तिखट नूडल्सचा वाडगा मिळे. चढाबद्दल कुरकुर व्हायची, पण ती पहिल्याच दिवशी. या शहरात चढ कुठे नाही, असं म्हणून रानताई तो विषय संपवायची.

एका ऑगस्टमध्ये शियांग नावाचे म्हातारे बायकोला घेऊन आले. तिचं नाव मेइयिंग. तिच्या हृदयाच्या तपासण्या आठवडाभर चालणार होत्या. ऊन असं होतं की फाटकाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. फाटकाला लागूनच लिफ्टचं हॉटेल होतं. म्हातारे आधी तिथे चौकशी करून आले होते. मग त्यांनी बोट फिरवत मला मोठ्याने वाचलं, कारण मेइयिंगला वाचता येत नव्हतं.

"पाच मिनिटं म्हणतेय," ते तिला म्हणाले. मग रानताईकडे वळले. "ताई, हिला दम लागतो. चढ आहे का?"

"थोडासा," रानताई म्हणाली.

मेइयिंग म्हणाली, "चला मग. हॉटेलात मला कोंडल्यासारखं होतं. इथे निदान बाईमाणूस आहे."

पायऱ्यांच्या पहिल्या टप्प्यावर ती बसली. दुसऱ्यावर पुन्हा बसली. म्हाताऱ्यांनी गाठोडं रानताईकडे दिलं आणि बायकोला पाठीवर घेतलं. मी रानताईच्या काखेत होते. वर गेल्यावर मेइयिंग म्हणाली, "हवा छान आहे हो तुमच्याकडे." रानताईने तिला कोमट पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी खाली जाणं आणि वर येणं. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या तिसऱ्या दिवशी दुपारी, वर येताना, मधल्या टप्प्यावर ती भिंतीला टेकली आणि तशीच खाली सरकली. बांबूवर ओझी वाहणाऱ्या दोन हमालांनी तिला उचलून खाली नेलं. दवाखाना समोरच होता. उपयोग झाला नाही.

संध्याकाळी शियांग म्हातारे गाठोडं न्यायला आले. रानताई दारात उभी होती. त्यांनी मेइयिंगच्या कापडी चपला पलंगाखालून काढल्या, एकमेकींवर आपटून झटकल्या, गाठोड्यात ठेवल्या.

"डॉक्टर म्हणाले, चढायला नको होतं," ते म्हणाले.

रानताई दारातून बाजूला झाली.

"तुम्ही थोडासा म्हणालात." आवाज चढलेला नव्हता. भाजीवाल्याला वजन विचारावं तसा होता. मग ते उतरून गेले.

रानताईने चादरी धुतल्या, वाळत घातल्या. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी मला घेऊन फाटकाशी गेली, पण माझं तोंड तिच्या अंगाकडे होतं. चार दिवस आम्ही तशा उभ्या होतो. ती रडली नाही. जेवायची, झोपायची. शेजारीण काही बोलली तर थोड्या वेळाने "हं" म्हणायची. पाचव्या दिवशी ती तेंग मास्तरांकडे गेली.

"ते पाच मिनिटं पुसा."

मास्तरांचे हात आता थरथरत होते. "आणि काय लिहू?"

"पायऱ्या."

"किती?"

रानताईला सांगता येईना. इतक्या वर्षांत तिने कधी मोजल्या नव्हत्या. मला तिथेच ठेवून ती मोजायला गेली आणि घामाने चिंब होऊन परतली. "दोनशे शहाऐंशी."

मास्तरांनी लिहिलं. अक्षरं वाकडी आली.

त्यानंतर लोक मला वाचत आणि पुढे जात. खोल्या रिकाम्या राहू लागल्या. कोणी आजारी माणूस दिसला तर रानताई स्वतःच सांगायची, "तुम्ही त्या लिफ्टवाल्याकडे जा." हॉटेलातल्या मुलीला वाटलं, हिला दलाली हवी आहे.

"मावशी, आमच्याकडे तसलं काही मिळत नाही हं," ती म्हणाली.

"नको. यांना खालच्या मजल्यावर खोली द्या."

पुढच्या वर्षी वसंतात शियांग म्हातारे पुन्हा आले. या वेळी एकटेच, डोळ्यांच्या तपासणीला. ते माझ्यासमोर थांबले. बोट फिरवत त्यांनी मला वाचलं, मनातल्या मनात.

"खोली आहे?" त्यांनी विचारलं.

"बाबा, तुम्ही खाली राहा. मी चांगली जागा बघून देते."

"मला चढता येतं."

ते दोन दिवस राहिले. आदल्या वेळच्याच खोलीत. रानताईने नूडल्स दिले, त्यांनी खाल्ले. मेइयिंगचं नाव कोणी काढलं नाही. जाताना त्यांनी पांघरुणाची घडी घालून पलंगाच्या कडेला ठेवली होती. रानताई ती घडी न मोडता बराच वेळ तिथेच बसली.

आता ती वस्ती पाडली आहे. रानताईला नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. गॅलरीत मी आडवी पडून असते आणि माझ्यावर लोणच्याच्या बरण्या आहेत. खारं पाणी झिरपून माझे दोन शब्द गेले. कोणते ते मला दिसत नाही.

मित्रांनो, परक्या शहरात मुक्कामाची जागा निवडाल तेव्हा अंतर विचाराच, पण सोबत ज्याला दम लागतो असं कोणी असेल तर त्याला पुढे करून वाटही विचारा. आणि कधी तुमच्या दाराशी कोणी दमलेलं माणूस येऊन चढ आहे का असं विचारेल, तेव्हा उत्तर देण्याआधी एकदा त्याच्याबरोबर खालून वर चालून या.