चिमाकाकीचा कौल

शिमग्याला सुजय लांज्याजवळच्या गावी आला तेव्हा त्याच्या पदरात सगळं पडायचंच बाकी होतं: मुंबईतली पीएचडी संपत आलेली, पुढची नोकरी दिसू लागलेली आणि काल-परवापर्यंत ‘चिमेचा पुतण्या’ म्हणणारं गाव आता खुर्ची पुढे करत होतं. खुर्ची भल्याभल्यांना बिघडवते.

आईबाप गेल्यावर त्याला वाढवणाऱ्या चिमाकाकीच्या छातीत गाठ निघाली होती. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले होते, "लहान आहे, याच महिन्यात काढू."

"तुज्या संशोधनात करतात काय रं?" मानकरी बाबल्याने भरल्या अंगणात विचारलं.

सुजय खुलला. "रक्तवाहिनीभोवती कोलेजनसारख्या प्रथिनांचा पातळ थर असतो, बागेभोवतीच्या दगडी गडग्यासारखा. गाठ तो फोडते, नव्या वाहिन्या स्वतःकडे ओढते. पण फुटल्या गडग्याचाच एखादा दगड त्यांची वाट अडवतो. तो दगड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, आम्ही सुईने टोचतो. रक्त तुटलं की गाठ वाळते."

"पाट तोडल्यावर पोफळ वाळते तशी?"

"अगदी तशी!"

"मंग चिमेला कापायची कशाला? औषद घरचाच हाय!"

इथे सांगायचं एवढंच होतं, की हे सगळं उंदरांत. टोचणं थांबवलं की गाठ पुन्हा वाढते. सुजय पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी गुरवाने देवळात कौल लावला. पुतण्याच्या औषधासाठी थांबावं काय? मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी पडली, म्हणजे होकार. देवाला तरी काय बोल लावायचा? त्याच्यापुढे हकिकत अर्धीच गेली होती.

"बघ, देव पण तुज्याच बाजूचा," काकी हसली. कापाकापीची धास्ती तिच्या चेहऱ्यावरून पुसली गेली होती.

मुंबईहून तो फोनवर म्हणायचा, "काकी, डॉक्टरांना दाखवून तरी ये."

"तुजा औषद झाला की सांग. मी येते थयच, मुंबैला."

"हो, बघतो."

गणपतीला तो आला तेव्हा काकी उशीला टेकून बसली होती. गाठ हाडांत उतरली होती. डॉक्टर म्हणाले, आता काढून उपयोग नाही. त्या दिवशी सुजयने उंदरांचं सांगितलं.

"तवाच का नाय बोल्लास?"

"सगळे बसले होते, काकी."

तिने पदराने त्याचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "बरा केलास. माणसं हसली असती तुला."

दिवाळीआधी काकी गेली. सुजयला पदवी मिळाली, नोकरीही. बाबल्याचा मान राहिला, गुरवाचा नारळही. अंगणातल्या त्या खुर्चीचं मोल एकट्या चिमाकाकीने भरलं.