सांध्यातला कागद

पेर्निक गावच्या टेकडीखाली त्या वसंतात दोन इमारतींची कामं एकाच दिवशी सुरू झाली. दोन्हींचा नकाशा एकच होता : पाच मजले, चाळीस बिऱ्हाडं. रस्त्याच्या अलीकडची विटांची. ती उस्ताद ग्रोझ्दान आणि त्याच्या चौदा गवंड्यांकडे. पलीकडे भिंती कारखान्यातून तयार होऊन यायच्या. तिथं एक क्रेन, सहा माणसं आणि इंजिनियर रुमेन. रुमेन ग्रोझ्दानचा एकुलता एक मुलगा. नऊ सप्टेंबरच्या राष्ट्रीय सणाला जो रहिवाशांना किल्ल्या देईल, त्याच्या पद्धतीनं पुढची सगळी वसाहत उभी राहायची होती.

ट्रकवरून भिंत यायची ती खिडकीसकट, काचेसकट. अर्ध्या तासात जागेवर उभी. गवंडी थाप्या खाली ठेवून बघत राहत.

"बघताय काय? वरात चाललीय का?" ग्रोझ्दान ओरडायचा. पण बघायचा तोही.

ऑगस्टमध्ये पलीकडे पाचवा मजला चढला, तेव्हा अलीकडे दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या चालू होत्या. बांधकामावर देखरेख करणारी कमिटी आली, विटांचं काम तिथंच थांबवलं आणि गवंड्यांना पलीकडे भिंतींचे सांधे बुजवायला पाठवलं. बारीक काम त्यांना चांगलं जमतं म्हणे. ग्रोझ्दान गच्चीवरून टांगलेल्या पाळण्यात बसून सांध्यांत पाणी अडवणारा डांबरी दोर ठोकू लागला.

सणाला चार दिवस असताना दोर संपला.

"रुमेन, वरचा मजला राहिलाय."

"सिमेंटच्या गोण्यांचा कागद कोंबा बाबा, वरून मसाला ओढा."

"कागद? अरे, पहिल्या पावसात लगदा होईल त्याचा!"

"वसंतात नीट करून घेईन मी. आता चढताय, की दुसऱ्या कुणाला सांगू?"

ग्रोझ्दान चढला.

घरांचं वाटप झालं. ग्रोझ्दान आणि त्याची बायको झ्लात्का नऊ वर्षं रेल्वेलगतच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. त्यांना पाचव्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर मिळालं.

"खालचं दे," ग्रोझ्दाननं मुलाला बाजूला घेऊन म्हटलं.

"ऊन येणारं घर आहे बाबा, आईसाठी मुद्दाम मागून घेतलंय. आता बदललं तर लोक विचारतील, का म्हणून."

झ्लात्कानं नळ सोडला. कोमट, मग कढत पाणी आलं. हात त्याखाली धरून ती रडली. ग्रोझ्दानच्या इमारतीत हे पाणी यायला आणखी वर्ष लागलं असतं, हे त्यालाही कळत होतं.

नोव्हेंबरात भिंतीचा कोपरा ओलीनं काळा पडला. डिसेंबरात झ्लात्काची छाती भरली. रात्रभर ती उशीला टेकून बसायची. नाताळच्या आदल्या दिवशी रुमेन जेवायला आला. घेवड्याची आमटी ताटात तशीच निवत होती. ग्रोझ्दान उठला आणि त्यानं सुरीनं कोपरा उकरला. ओला कागद बाहेर आला. त्यावर सिमेंटच्या कारखान्याचं नाव अजून वाचता येत होतं.

"हे कुणी केलं?" झ्लात्कानं विचारलं.

"मी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "पोराची इमारत वर गेली म्हणून? एवढं पोटात दुखलं तुझ्या?"

ग्रोझ्दाननं रुमेनकडे पाहिलं. रुमेननं पावाचा तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि खाल्ला. भिंतीवरच्या घड्याळात बघून तो म्हणाला, "आई, मला शेवटची बस गाठायचीय."

खरं सांगायला त्या वेळी ग्रोझ्दानचं तोंड उघडलं नाही. नंतर दोनदा सांगून पाहिलं. "आता पोरावर ढकलतोस," एवढंच ती म्हणाली. जानेवारीत शेजारणींनाही तेच सांगून ती बहिणीकडे रादोमिर गावी गेली.

वसंतात रुमेनची राजधानीत, सोफियाला मोठ्या हुद्द्यावर बदली झाली. ग्रोझ्दाननं पदरमोड करून दोर आणला, पाळणा बांधला आणि पाचव्या मजल्याचे अकराच्या अकरा सांधे उकरून पुन्हा भरले. तळमजल्यावरची बाई कपडे वाळत घालता घालता शेजारणीला म्हणाली, "आधी बिघडवायचं, मग लोकांदेखत लटकायचं!"

त्याला वर सगळं ऐकू आलं. त्यानं दोराचं पुढचं टोक सांध्यात बसवलं आणि हातोडी उचलली. झ्लात्का त्या घरात परत आली नाही.