पंचवीस जूनचा तिसरा मुद्दा

परिपाठात दिनविशेष वाचायची पाळी हर्षाची होती. नूतन मॅडमनी यंदा सहावीला खेळांचे दिनविशेष दिले होते. शाळा उघडून दोनच दिवस झाले होते, तरी हर्षाने घंटेच्या आधी येऊन फळा भरून टाकला होता:

२५ जून
१. १९३२ : भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर सुरू झाला.
२. १९८३ : त्याच मैदानावर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला.
३. १९८३ : ठमाबाईने वैनगंगेत डोंगा वल्हवण्याच्या शर्यतीत बापूजींना हरवले.

पहिल्या दोन मुद्द्यांना टाळ्या पडल्या. तिसऱ्याला विक्की उभाच राहिला. बापूजी त्याचे आजोबा, ठमाबाई हर्षाची आजी.

"मॅडम, हे खोटं आहे. आमचे आबाजी कोणालेच हरले नाई. अन् तारीख हिले कशी माहीत?"

"माह्या आजीनं सांगितली," हर्षा म्हणाली. "आर्द्रा लागून चौथा दिवस होता."

"आर्द्रा! अगं, हा फळा आहे, पंचांग नाई!"

सगळा वर्ग हसला. हर्षाचे कान तापले. वैनगंगेच्या काठचं त्यांचं गाव पेरणी, रोवणी, मासे, लग्न, सगळं नक्षत्रावर मोजायचं, आणि आता तेच हसत होतं.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "आर्द्रा दरवर्षी बावीस जूनच्या आसपासच लागते. तेव्हा आजीचा हिशोब चुकीचा नाही. पण चोवीस की पंचवीस की सव्वीस, ते कसं ठरवायचं? मधल्या सुट्टीपर्यंत साक्षीदार आण. नाहीतर तिसरा मुद्दा पुसावा लागेल."

विक्की मानेल असा साक्षीदार एकच होता, आणि तोच हरलेला होता.

मधल्या सुट्टीची घंटा होताच हर्षा डबा न उघडता बापूजींच्या अंगणात गेली. मागोमाग विक्की, पहारा द्यायला. बापूजी कडुनिंबाखाली पाय पसरून फाटकं जाळं सांधत बसले होते.

"आबाजी, त्र्याऐंशी साली तुमची अन् माह्या आजीची शर्यत कोणत्या तारखेले झाली?"

"कोणती शर्यत?" बापूजींनी सुई थांबवली नाही. "ठमी सांगते तुले? ते सपनात डोंगा चालवते."

विक्कीने हर्षाकडे पाहून भुवया उडवल्या. हर्षाला वाटलं, झालं, आता फळा पुसायचा. घरी आजीला काय सांगायचं? सकाळी हर्षाची वेणी घालताना आजी तीनदा म्हणाली होती, "खरंच लिवशील का व माहं नाव?"

ती परत फिरली. मग तिला आठवलं की बापूजी गावात एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते, आणि ती गोष्ट डोंग्याची नव्हती.

"मंग रेडिओची गोष्ट तरी सांगा. फायनल साऱ्या गावानं तुमच्याच रेडिओवर आयकली ना?"

सुई थांबली. बापूजी सरळ बसले. "मंग कोणाच्या? गावात रेडिओ होता कोणाकडं? शेवटच्या विकेटपर्यंत आयकली! पोट्टे झाडावर बसून आयकत होते!"

"पण आजी म्हणते, आपला डाव सुरू होता तेव्हाच तुमच्या रेडिओचे सेल बसले."

"बसले ना. आवाज मच्छरासारखा येऊन राह्यला होता."

"मंग नवे सेल कुठून आले?"

"नदीपल्याडच्या दुकानातून. इथी कुठं भेटत होते तवा!"

"कोणं आणले?"

बापूजींनी जाळ्याकडे पाहिलं. मग विक्कीकडे. विक्की आता भुवया उडवत नव्हता.

"आबाजी, तुम्ही आणले ना?" त्याने हळूच विचारलं.

"...ठमीनं."

"पंचवीस जूनलेच?" हर्षाने विचारलं.

"मंग काय मॅच संपल्यावर दुसऱ्या दिवशी आणील का?" बापूजी खेकसले, आणि खेकसताखेकसताच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून गेलो.

त्यानंतर मात्र बेचाळीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. रेडिओ बापूजींच्या ओट्यावर, पुढे सारे पुरुष, आणि बायांना तिथे जागा नव्हती. नव्यानेच सून होऊन आलेली ठमा म्हणाली, "जो आधी सेल आणील, रेडिओ त्याच्या ओट्यावर." दिवस मावळतीला दोघांनी डोंगे लोटले.

"अन् मी हरलो नाई!" बापूजींनी सुई रोखली. "माह्या डोंग्याले जाळ्याची दोरी बांधलेली होती. काठावर खुटा, मधात लांब दोरी. अर्धी नदी गेलो, अन् मंग वल्हवतो, वल्हवतो, डोंगा जागचा हलत नाई! मले वाटलं पाण्याले ओढ आहे. तवरिक ठमी पल्याड पोचली."

"म्हणजे आबाजी, तुम्ही बांधलेल्या डोंग्यात..." विक्कीला पुढे बोलवेना. हसण्याने तो कडुनिंबाला टेकला.

घंटेच्या आधी बापूजी स्वतः शाळेत आले. मॅडमसमोर तारीख कबूल केली, सेल कबूल केले, ठमाबाईच्या ओट्यावर बायांच्या मागे बसून मॅच ऐकली तेही कबूल केलं. एकच अट घातली: दोरीचं लिहायचं. हर्षाने खडू घेतला आणि तिसऱ्या मुद्द्यापुढे कंस केला: (बापूजींचा डोंगा खुंट्याला बांधलेला होता).

संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिने आजीला हाताला धरून वर्गात आणलं. ठमाबाईला वाचता येत नव्हतं. हर्षाने एकेका अक्षरावर बोट ठेवून तिन्ही मुद्दे वाचून दाखवले. स्वतःचं नाव आलं तेव्हा ठमाबाईने पदर सावरला, जणू कोणी फोटो काढतंय. मग कंस आला.

ठमाबाई फळ्याकडे बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले.

"काऊन हसतेस आजी?"

"सारं बराबर लिवलं व माय," ठमाबाई डोळे पुसत म्हणाली. "फक्त गाठ कोणं मारली, तेवढं राह्यलं."