दोन घरं पलीकडे

"गाडी दोन घरं पलीकडे लाव," विल्बरने नेहमीसारखं फोनवर बजावलं.

"डॅड, बाहेर बर्फ आहे. मॉमला एवढं चालवणार आहेस?" टेसा वैतागली.

"मी धरतो तिला. तू पलीकडेच लाव."

ओहायोतल्या त्या गावात याचं कारण कुणी विचारत नसे. परदेशी कंपनीची गाडी गावातल्या मोटार कारखान्याच्या दाराजवळ लावायची नाही, पार मागे कुंपणापाशी न्यायची, हा कामगारांचा अलिखित कायदा होता. विल्बरने उभा जन्म तिथे गाड्यांची दारं बसवली, आणि तो कायदा घरीही आणला. लेकीने जपानी गाडी घेतली, तेव्हापासून ती माहेरी यायची ती दोन घरं पलीकडे थांबून, परक्यासारखी.

मागल्या वर्षी कारखाना बंद झाला. ठेंगण्या गाड्यांना आता गिऱ्हाईक नाही म्हणे. कंपनी यापुढे फक्त उंच गाड्या आणि ट्रक बनवणार होती. विल्बरने तेही गिळलं. पण या महिन्यात त्याच्या स्वतःच्या जुन्या गाडीचा गिअरबॉक्स गेला, आणि बायकोला, डोरीनला, डायलिसिसला कसं न्यायचं हा प्रश्न पडला.

शोरूममधला अर्ल जुना दोस्त. नवा ट्रक त्याने दारात आणून उभा केला.

"याहून ठेंगणं काही दाखव ना," विल्बर म्हणाला.

"तुम्ही लोकांनी बनवली तीच शेवटची रे," अर्ल ओशाळला. "आता हेच."

डोरीनने पाय उचलला, तो पायरीपर्यंत पोचेना. दोघांनी दोन्हीकडून धरून उचलायला घेतलं तेव्हा ती आधी हसली. "अरे, मी काय बटाट्याचं पोतं आहे?" मग हसता हसता रडायला लागली. नवऱ्याने जन्मभर जिच्यासाठी घाम गाळला, त्या कंपनीकडे तिला बसता येईल अशी एकही गाडी उरली नव्हती.

आज ती वॉकर धरून घराबाहेर पडली आणि चार पावलांतच थांबली. टेसाची गाडी पलीकडे दिसत होती.

"विल, नाही जमायचं."

"मी आहे ना."

"तू आहेस रे, माझ्यातच जीव नाही." तिने दम घेतला. "एका गाडीपायी पोरगी परकी केलीस. इतकी वर्षं गप्प बसले. आज सांगते, तिला अंगणात बोलाव."

अंगणात विल्बरची बंद गाडी वाट अडवून उभी होती. तो तिच्यापाशी गेला, उघड्या दाराच्या चौकटीला खांदा लावला आणि ढकलू लागला.

"डॅड, पाठ मोडून घेशील!" टेसा धावत आली आणि तिनेही मागून जोर लावला. गाडी कुरकुरत रस्त्यावर उतरली. दोन घरं पलीकडे नेऊन विल्बरने हँडब्रेक ओढला.

मग टेसाने आपली गाडी अंगणात आणली. डोरीन अलगद टेकली, पाय आत घेतले. विल्बरने नुसत्या बोटांनी दार ढकललं. ते न खडखडता बसलं. सवयीने त्याने दाराच्या कडेच्या फटीवरून अंगठा फिरवला. फट वरपासून खालपर्यंत सारखी होती.

"काय झालं? नीट लागलं नाही का?" टेसाने विचारलं.

"लागलं," तो म्हणाला. "चांगलं बसवलंय कुणीतरी."

तो मागच्या सीटवर बसला. दोन घरं पलीकडे उभ्या आपल्या गाडीजवळून जाताना त्याने डोक्यावरची कारखान्याची टोपी काढली आणि मांडीवर धरून ठेवली.