आभाळातून पडलेला गार धोंडा

ताडकळसच्या शिवारात, व्यंकटरावांच्या शाळूत, पाय ठेवायला जागा नव्हती. तीन दिवसांमागे भर दुपारी जाळाची रेघ ओढत, गडगडत, कवठाएवढा काळा धोंडा तिथं पडला होता. दुसऱ्याच दिवशी एक अंगारबुवा उगवला. आता परातीत ओल्या भगव्या फडक्यावर धोंडा ठेवून तो पाणी शिंपडायचा, अन् खालून वाफ फुसफुसत उठायची.

“आभाळाची लेक आली, आगीचं लेणं ल्याली,
जिनं घेतला डाग, तिची कावीळ पळाली.”

गौराबाईनं सात वर्षांची लेक पुढं आणली. पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे. काविळीला तापल्या विळ्याचा डाग देण्याची आमच्याकडची रीतच; इथं तर देव स्वतः तापून आलेला. आई नाही कशी म्हणेल?

शाळेच्या सत्यशीलाबाई गर्दी सारत आल्या. पडल्यावर याला पहिला हात कुणी लावला, त्यांनी विचारलं. कुणीच नाही, बुवा म्हणाला. लावणाऱ्याची राख झाली असती.

मागं व्यंकटरावांचा सालगडी आश्रुबा उभा होता. गावकुसाबाहेरच्या वस्तीवरचा माणूस, नामांतराच्या दंगलीत छप्पर जळालेला. आपण गावाच्या देवाला शिवलो हे कळलं तर काय होईल, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. त्यानं मान खाली घातली.

बुवानं चिमट्यानं धोंडा उचलला. पोरीनं पोट आत ओढलं.

“म्या उचलला व्हता,” आश्रुबा म्हणाला. “पडल्या-पडल्या. लय गार व्हता, मालक.”

व्यंकटरावांची काठी हलली. “तू शिवलास?”

“व्हय.”

“त्याचा हात बघा, व्यंकटराव,” बाई मधे उभ्या राहिल्या. “भाजलाय का?”

हातावर विळ्याचे घट्टे होते, फोड एकही नव्हता. बाईंनी परातीतलं फडकं ओढलं. खाली कळीचा चुना रटरटत होता.

“आरं, ह्यो तर भिंतीला लावायचा चुना, पानी पडलं की उकळतोच,” कुणीतरी म्हणालं.

मग बाईंनी सांगितलं. असा धोंडा फार वेगानं घुसतो, तेव्हा पुढची हवा दाबली जाऊन धगधगते. त्याची साल वितळून उडते. उरतो तो हा काळा पापुद्रा. पण हे सारं काही क्षणांचं, आच आत पोचतच नाही. पुढं हवाच त्याचा वेग मोडते अन् शेवटचे काही कोस तो विझलेला दगड होऊन पडतो. आपण जाळ पाहिला, म्हणून दगडही तापलेलाच असणार असं धरून चाललो. बुवानं नेमकं तेच हेरलं.

बुवा शाळूत शिरून पसार होत होता. व्यंकटरावांनी आश्रुबाकडं पाहिलं अन् काठी खाली टेकली.

गौराबाईनं लेकीचं पोलकं खाली ओढलं. “बाई, परभणीच्या दवाखान्याला गाडी कवा हाय?”

पोर बरी झाली, पोटावर डागाविना. मायबापहो, उद्याही आभाळातून काही पडेल आणि त्याच्यामागून कुणी बुवाही येईल. लेकराचं अंग त्याच्यापुढं उघडं करण्याआधी चार प्रश्न विचारा. आणि खरं सांगायला जो उभा राहील, त्याची जात विचारू नका. त्यानं काय पाहिलं, ते विचारा.