चौथऱ्यावरून उतरलेला काटा

मी माधवनगरच्या माल-बुकिंग कचेरीतला वजनकाटा बोलतोय. जरा सावकाश ऐका. हल्ली दुपारी डुलकी लागते आणि माझी सुई ढगात गेल्यासारखी तरंगते.

एकाहत्तर साली मी इथं आलो. खाली लोखंडी पाट, वर घड्याळासारखी तबकडी. मालक लालासाहेब लष्करातले निवृत्त सुभेदार. काटा म्हणजे लक्ष्मी, तिला पाय लागता कामा नये, म्हणून त्यांनी मला कमरेइतक्या दगडी चौथऱ्यावर बसवलं. खंडेनवमीला झेंडूची माळ, हळदकुंकू. उंचावरून जग धुक्यासारखं सुंदर दिसे.

त्या धुक्यातून आकाराम हमाल वर येई. कापडाचा गठ्ठा गुडघ्यावर घ्यायचा, श्वास कोंडायचा आणि कंबर वळवून माझ्यावर टाकायचा. गठ्ठ्याचं वजन मी अचूक सांगे. त्याच्या कण्यातल्या आवाजासाठी तबकडीवर आकडे नव्हते.

तिसऱ्या वर्षी तो वाकला तो वाकलाच. पंधरा दिवस घोंगडीवर पडून होता. डॉक्टर म्हणाले, पुन्हा हिसका बसला तर उठणार नाही. लालासाहेबांनी त्याला पट्टा बांधायला आणि छाती काढून उचलायला सांगितलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा दुसरा हमाल बघायचं ठरलं. दोष आकारामच्या कमरेचा, यावर कचेरीत एकमत होतं. कमरेला कोणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास लालासाहेब मुलाला विमानात बसवायला मुंबईला गेले. परत आल्यावर कचेरीत हसत सांगू लागले, की एवढा मोठा विमानतळ, पण सामानाचा काटा चक्क जमिनीलगत. लोक ट्रंका ढकलतात, वर पायही पडतात; कुणाला काही वाटत नाही.

आकाराम दाराला टेकून ऐकत होता. म्हणाला, "आवं सुभेदार, काट्याला पाय लागला म्हणून इमान खाली पडलं का?"

लालासाहेबांनी चहा संपवला.

चौथ्या दिवशी गवंडी आला. चौथरा फुटला, खड्डा खणला आणि माझा पाट फरशीशी एका पातळीत बसला. लालासाहेबांनी आधी नमस्कार करून माझी माफी मागितली. आकारामनं चपला बाहेर काढल्या आणि ढकलगाडीवरून गठ्ठा माझ्यावर सरकवला. आवाज फक्त चाकांचा झाला.

आता दिवसभर माझ्यावरून अनवाणी पाय जातात. ऊबदार असतात. मिटल्या डोळ्यांनी मी त्या दूरच्या विमानतळावरच्या भावंडाला बघतो. तेही असंच पडून असेल.

तुम्ही एखादी वस्तू मानानं उंच बसवली असेल, तर तिच्यापर्यंत रोज ओझं कोण उचलून नेतं, त्याची पाठ एकदा बघा. आमचा आकाराम अजून पुरता सरळ उभा राहत नाही. पण उद्या कामावर येणार आहे.